गोठ्याच्या नोंदी : पाटण तालुका, नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४

१८ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी उरकली आणि दादाने मला राहतं घर करायला गोठा रिकामा करून दिला. उरलेल्या दोन म्हशी रस्त्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. जाताना एक दारातच अडून बसली, तिला ढकलण्यात सकाळ गेली.

मापं घेतली. आतून लांबी ४२ फूट, रुंदी १८. भिंती सव्वादोन फूट जाड, काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. वळचणीपाशी उंची जेमतेम साडेसात फूट. मधल्या ओळीत सागाचे पाच खांब, प्रत्येकाखाली तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड. वर मंगळुरी कौलं, त्यातली निम्मी वानरांनी फोडलेली, भोकांवर निळा प्लास्टिकचा कागद. दार एकच, रुंद पण बुटकं. खिडकी नाही. हात जाईल एवढे तीन झरोके. पश्चिमेच्या लांब भिंतीला सलग गव्हाण.

करायचंय ते एवढंच: एक झोपायची खोली, एक बसाउठायची, त्यातच स्वयंपाकाचा कोपरा. न्हाणी आणि संडास बाहेर, वेगळ्या बांधकामात. रोजचं पाणी मातीत रचलेल्या भिंतीपासून लांबच बरं.

दादाचं म्हणणं वेगळं. "पाड की सगळं. चार महिन्यांत स्लॅबचं घर हुतंय. दगूड इकून वर पैसं येतील." दगडाला गिऱ्हाईक आहे, यात तो चुकत नाही. फार्महाऊसवाले जुना घडीव दगड ट्रकने उचलतात.

२ डिसेंबर, शनिवार

कराडहून इंजिनिअर बाई आल्या. अडीच तास होत्या, पैकी दोन तास हातोडी घेऊन भिंत ठोकत फिरत होत्या. टण्ण वाजलं की पुढे. बद्द वाजलं की खडूची फुली.

दगडाची भिंत म्हणजे एकच जाड भिंत, असं मी इतकी वर्षं समजत होते. असतात दोन. बाहेरची एक पाळी, आतली एक, आणि मधे चिपा, माती, सापडेल तो भराव. दोन्ही पाळ्यांना धरून ठेवतो तो आरपार जाणारा लांब दगड, बांधदगड. तो नसेल तर पावसाने आणि उंदरांनी मधली माती ढासळते, भराव खाली बसत जातो, पाचरीसारखा दोन्ही पाळ्यांना बाहेर रेटतो, आणि भिंतीला पोट येतं. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला दहा-बारा फुटांत असं पोट आहे. ओळंबा सोडला तर साडेचार इंच बाहेर. तिथे वर पिंपळाचं रोपही आहे. ते उपटायचं नाही, उपटलं की चार दगड घेऊन येतं. भिंत उकलताना मुळासकट काढायचं.

बाकी तीन भिंतींत बांधदगड भरपूर आहेत. बाहेरून पाहिलं तर मधूनमधून एखादा दगड चार बोटं पुढे आलेला दिसतो. लहानपणी आम्ही त्यांवर पाय देऊन छपरावर चढायचो. ते मुद्दाम पुढे ठेवलेत असं वाटायचं. खरं तर घडवून तोडायचा कंटाळा केला असावा.

बाई जाताना म्हणाल्या, "हा बुटका आहे, हलका आहे आणि त्याला खिडक्या नाहीत. म्हणून उभा आहे. तुम्हाला उंची हवी, स्लॅब हवा आणि खिडक्या हव्यात. आता तुम्हीच ठरवा." स्लॅब मला नको होता. पण उंची आणि खिडक्या हव्या होत्या, हे त्यांनी माझ्या आराखड्यातून बरोबर ओळखलं.

११ डिसेंबर, सोमवार

मुद्दाम रजा टाकून थांबले. या तारखेला आत्या गोठ्यात दिवा लावते. का लावते, हे घरात कुणी नीट सांगितलं नव्हतं.

१९६७ साली ११ डिसेंबरच्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर जवळजवळ सपाट झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणात पाणी साठवायला लागून तेव्हा पाचेक वर्षं झाली होती, आणि धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतो का, या प्रश्नावर जगभरात आजही कोयनेचंच उदाहरण देतात. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. आमचं घर दोन मजली, माडीवर मातीचा जाड थर. माडी खाली आली. घरातली माणसं वाचली, कारण पहिल्या हादऱ्यालाच आजोबांनी सगळ्यांना अंगणात काढलं होतं. फक्त आजोबांची आई आतच राहिली.

गोठा उभा होता. एका बाजूची त्रिकोणी भिंत वरून ढासळली होती, तीही बाहेरच्या अंगाला. बैलांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

"मग पाडव्यापातूर आमी हितंच ऱ्हायलो," आत्या म्हणाली. "त्या कडंला जनावरं, ह्या कडंला आमी. थंडी लय. पण बैलाच्या अंगाची ऊब येती, म्हाईत हाय का तुला? आन् मी गव्हाणीत निजायची."

म्हणजे या गोठ्यात माणसं राहायला येण्याची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला कुणी आराखडा काढला नव्हता.

रात्री आराखड्यावरचा माळा खोडला. भिंती दीड फूट वाढवायच्या होत्या त्या माळ्यासाठीच. उंची आहे तीच राहील.

२३ डिसेंबर, शनिवार

सगळं लक्ष आता खालच्या तीन फुटांवर. भिंतीच्या तळाशी दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, पांढरी लव फुटली आहे, आमच्याकडे तिला लोणा म्हणतात. गोठ्यातला लोणा साध्या ओलीपेक्षा चिवट. शंभर वर्षं जनावरांचं मूत जमिनीत आणि दरजांत मुरलेलं असतं. जमिनीतले जिवाणू त्यातल्या युरियाचे शेवटी नायट्रेट क्षार करतात. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अशाच मातीतून काढायचे. यातले काही क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून पावसाळ्यात भिंत बाहेरून कोरडी असली तरी आतून पाझरल्यासारखी दिसते. वर रंग लावला की सुटतो, प्लास्टर केलं की फुगतं.

दहाएक वर्षांपूर्वी दादाने दक्षिणेच्या भिंतीच्या दरजा बाहेरून सिमेंटने भरून घेतल्या होत्या. दिसायला छान. आज त्यातली एक छिन्नीने उकलली तर आतली माती लोण्यासारखी मऊ निघाली. सिमेंटची पट्टी तेवढी घट्ट. पाणी कुठून तरी आत शिरलं आणि बाहेर पडायची वाट बंद झाली. दादा बघत होता. काही बोलला नाही, पण दुपारी छिन्नी घेऊन स्वतःच बसला.

७ जानेवारी, रविवार

लोणा धुवायचा नाही. पाणी मारलं की विरघळून पुन्हा आत जातो. आधी कोरड्या ब्रशने झाडून घमेल्यात गोळा केला आणि शेताच्या बांधाबाहेर टाकला. मग लेप. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, पांढरी माती आणि बारीक वाळू, ओलं करून बोटभर जाड थापलं. लेप वाळत जातो तसं भिंतीतलं पाणी क्षार घेऊन लेपात येतं. वाळून तडकला की सोलून काढायचा. पहिला लेप पंधरा दिवस राहू दिला, आज सोलला. मागून पांढराफटक. दुसरा थापला आहे. तीनदा तरी करावा लागेल.

गवंडीनानांना हा प्रकार अजिबात पटलेला नाही. "भित्ताडाला उटणं लावाय लागलायसा," म्हणून गावभर सांगत सुटलेत.

गव्हाणीमागच्या पोकळीत धामण निघाली, पाच-सहा फुटी. सर्पमित्राला बोलावलं. त्याने पकडून ओढ्यापलीकडे सोडली. आत्या म्हणाली, ती परत येईल, उंदीर काय ओढ्यापलीकडे गेलेत का?

२७ जानेवारी, शनिवार

चुना. कळीचा चुना पोत्यातून आला, ढेकळं मुठीएवढी. जमिनीत खड्डा, त्यात पाणी, मग चुना थोडा थोडा. आधी पाणी आणि मग चुना, उलट नाही. क्षणभर काहीच होत नाही, मग बुडबुडे, मग पूर्ण खड्डा रटरट उकळायला लागतो. चष्मे आणि हातमोजे सक्तीचे केले. नाना हसले, पण घातले. त्यांच्या वडिलांचा एक डोळा चुन्यानेच गेलेला, हे त्यांनी संध्याकाळी चहाला सांगितलं.

विरवलेला चुना पाण्याखाली महिनाभर मुरेल. चुना मळायची घाणी आता कुठे मिळणार? बैलाने ओढायचं ते दगडी चाक गावात आहे, पण देवळापुढे बसायला. मिक्सर आणलाय. एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. गुळाचं पाणी आणि भिजवलेल्या हिरड्याचा अर्क नानांच्या हिशेबाने. त्याचं माप त्यांनी सांगितलं नाही. "हाताला कळतंय" एवढंच. माझ्या वहीत या जागी प्रश्नचिन्ह आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

पश्चिमेच्या भिंतीचं पोट उकललं. आधी छपराचा भार तिथून काढून लाकडी टेकू दिले. मग प्रत्येक दगडावर चुन्याने आकडा, फोटो, आणि वरून खाली एकेक ओळ. पाथरवट दोघे, बापलेक. त्यांच्या सुतकीचा, दगड फोडायच्या हातोडीचा, आवाज दिवसभर. पिंपळाचं मूळ मनगटाएवढं निघालं, भिंतीच्या मधोमध, सात फूट खोल.

आत काय काय सापडलं: बांगड्यांचे तुकडे, एक नाल, उंदरांनी साठवलेली ज्वारीची कणसं, एक तांब्याचा पैसा (झिजलेला, वाचता येत नाही). बांधदगड मात्र बारा फुटांत एकही नाही. बाकीच्या भिंतीत आहेत आणि इथेच नाहीत, म्हणजे एवढा तुकडा मागून कुणीतरी घाईत रचलेला. आत्याला विचारलं. ती म्हणाली, "भुईकंपानंतर गव्हाण हलवली तवा आण्णांनी फोडलंती." आण्णा म्हणजे आजोबा. घर पडलेलं, थंडीचे दिवस, घरात लहान पोरं. मी तरी आरपार दगड शोधत बसले असते का?

२५ फेब्रुवारी, रविवार

भिंत परत रचून झाली. प्रत्येक दुसऱ्या ओळीत, साधारण तीन-चार फुटांवर, आरपार दगड. पुरेसे लांब दगड मिळाले नाहीत तिथे, आणि बाकीच्या भिंतींत जिथे बाईंची फुली होती तिथे, काँक्रीटचे बांध केले. एक दगड हळूच काढायचा, हाताने माती कोरत पलीकडच्या पाळीपर्यंत जायचं. भोक दोन्ही तोंडांना रुंद, मधे अरुंद. त्यात दोन्हीकडे आकडा वळवलेली ८ मिमीची सळी, आणि काँक्रीट. पहार मारायची नाही, हादऱ्याने शेजारचे दगड सैल होतात. असे ३८ केले.

एका मित्राने फोटो पाहून विचारलं, "चुन्याच्या गप्पा आणि भिंतीत काँक्रीट?" मी चुन्याचं सोवळं नेसलेलं नाही. दरजेतून ओल बाहेर पडायला हवी, तिथे चुना. दोन पाळ्या एकमेकींना धरून राहायला हव्यात, तिथे सळी.

१० मार्च, रविवार

आजचा दिवस भांडणाचा. दादाने त्याच्या ओळखीचा ठेकेदार आणला. तो म्हणाला, भिंती एवढ्या जाड आहेत, वर पाच इंची स्लॅब टाका, वानरांचा प्रश्न कायमचा मिटेल, पुढे माडीही चढवता येईल.

मी कागदावर हिशेब मांडला. ४२ बाय १८ फुटांचा पाच इंची स्लॅब, भिंतींवरचा भाग धरून, पंचवीस टनांच्या पुढे जातो. भूकंपात जमीन हलते तेव्हा जितकं वजन वर, तितका धक्का भिंतीला. मातीत रचलेल्या दगडाला तो आडवा धक्का सोसत नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हेच झालं. दगड-मातीच्या भिंती, वर माळवदाचा जाड मातीचा थर, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून थकून झोपलेली माणसं. हजारो गेले. आणि त्या भागात भूकंपाचा धोका कमीच, असं तोवर मानत होते. आपण तर कोयनेच्या कुशीत बसलोय, इथे अजूनही मधूनमधून भांडी वाजतात.

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, असं बघत बसलं तर कुणी बांधायचंच न्हाई." दादा गप्प होता. मग म्हणाला, "आत्याला इचारू." तिला विचारायची गरजच नव्हती. ती दारात उभी राहून ऐकत होती. "माती काय, शिमीट काय," एवढंच म्हणाली, "निजल्यावं डोस्क्यावं नगं."

स्लॅब नाही.

१४ मार्च, गुरुवार

त्रिकोणी भिंतींचा दगड वळचणीच्या रेषेपर्यंत उतरवला, दोन्ही बाजूंचा. सुटा उभा राहणारा तो त्रिकोणच आधी पडतो, १९६७ ला पडलाच होता. तिथे आता लाकडी चौकट आणि फळ्या. निघालेला दगड न्हाणीच्या जोत्याला.

चारही भिंतींच्या माथ्यावर लाकडी पट्टा: दोन समांतर बडोद (लांब आडवी लाकडं), आतल्या आणि बाहेरच्या पाळीवर एकेक, दर दीड फुटाला आडव्या पट्टीने जोडलेले. कोपऱ्यांत खाच घालून एकमेकांत अडकवलेले. शिडीसारखं दिसतं. सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारं दावं समजा. सुताराने दोन दिवसांत केलं, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान याचंच आहे. छपराखाली ते कुणाला दिसणारही नाही.

२४ मार्च, होळी

छप्पर. खांब पाचपैकी चार ठणठणीत. एकाचा तळ वाळवीने पोखरलेला. खालचे दोन फूट कापून नवा सागाचा तुकडा सांधला, तळखडा तोच. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल. वास आठवडाभर, हाताला लागलं तर फोड. गव्हाणीची दोन सडकी फळकुटं होळीत गेली.

वानरांचं काय करायचं? इथल्या निम्म्या घरांवरची कौलं त्यांच्यामुळेच उतरली आणि पत्रे आले. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजतं, पावसात बोलणं ऐकू येत नाही. आम्ही वाशांवर फळ्या, त्यावर पाणी अडवणारा कागद, मग रिपा आणि वर कौलं असं केलं. कौल फुटलं तरी पाणी लगेच आत येणार नाही. शिवाय दोनशे जुनी कौलं वेगळी रचून ठेवली आहेत. वानर येणार. फुटणार. बदलणार.

९ एप्रिल, गुढीपाडवा

आत्याच्या हिशेबाने ५६ वर्षांपूर्वी याच सणाला ते गोठ्यातून बाहेर पडले. गुढी गोठ्याच्या दाराशी उभारली.

उजेडाचा प्रश्न सुटला. मला पूर्वेला सहा फुटी खिडकी हवी होती. बाईंनी दोन दिल्या, प्रत्येकी अडीच फूट, कोपऱ्यापासून लांब आणि एकमेकींपासूनही लांब. उरलेला उजेड वरून: बारा काचेची कौलं, त्यांच्याखाली फळ्यांत चौकोन. पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघरात एखादं असायचं, चुलीच्या धुरातून उन्हाचा खांब उतरलेला दिसायचा. सकाळी दहाच्या सुमाराला आता असे बारा खांब जमिनीवरून सरकतात.

७ मे, मंगळवार

मतदान. गवंडी, बिगारी सगळे सुट्टीवर. नोंदी लिहायला वेळ मिळाला.

जमीन: मुताने काळी पडलेली माती दीड फूट खणून काढली, पायाच्या तळाच्या वरच थांबलो. ती माती दादाने आनंदाने शेतात नेली, असं खत कुठे मिळतं! खाली मोठी खडी, वर मुरूम चोपून, वर चुन्याचा कोबा, वर शहाबादी फरशी. खाली प्लास्टिकचा कागद घातलेला नाही. तो घातला की जमिनीतली ओल वर येता येत नाही म्हणून कडेकडेने भिंतीत चढते. आधीच्या घरमालकांनी, म्हणजे म्हशींनी, पुरेशी ओल भिंतीत भरून ठेवली आहे.

वायरिंग भिंतीवरून, उघड्या नळ्यांतून. दगडात खाचा मारायच्या नाहीत. इलेक्ट्रिशियनला हे तीनदा सांगावं लागलं, चौथ्यांदा कटर काढून घ्यावा लागला.

१९ मे, रविवार

दरजा भरून संपल्या. चुन्याला घाई चालत नाही. ऊन लागलं की तडकतो, म्हणून ओली गोणपाटं टांगून रोज दोनदा पाणी शिंपडलं, दक्षिणेला तीनदा. वळिवाने एकदा दोन दिवसांचं काम धुऊन नेलं. नाना त्या दिवशी मला म्हणाले, "शिमीट असतं तर ऱ्हायलं असतं." बरोबर आहे.

आतून प्लास्टर केलेलं नाही. दगड उघडा. तळच्या तीन फुटांना फक्त चुना-मातीचा पातळ गिलावा, क्षारांनी खराब व्हायचा तर तो होऊ दे, दोन-तीन वर्षांनी खरवडून पुन्हा लावायचा. तिसऱ्या लेपालाही थोडी लव आली होती. लोणा संपलेला नाही, कमी झालाय.

गव्हाण ठेवली. कडेचे दगड घासले, आत फळी टाकून बैठक केली. दावणीची एक कडी सुटत नव्हती, ती राहिली. दादाची मुलगी तिला दप्तर अडकवते.

९ जून, रविवार

पाऊस आला. पहिल्या रात्री मी, दादा आणि आत्या गोठ्यातच झोपलो. (ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, अजून 'गोठा'च आहे. बदलायला अर्ज दिलाय.) आत्यासाठी खोलीत खाट टाकली होती. तिने गादी उचलली आणि गव्हाणीवर अंथरली. लांबी पुरेना, पाय दुमडून निजली.

पहाटे दोनला थेंबाचा आवाज. बॅटरी घेऊन पाहिलं. वायव्येचा कोपरा, वळचणीपासून तिसरी ओळ, काचेच्या कौलाच्या डाव्या कडेला. खाली पातेलं ठेवलं. सकाळी शिडी.